काटोलचं वाटोल: परत परत बिघडणाऱ्या फाइल सिस्टिमचं एक प्रकरण

नागपूरच्या इतवारीत बियाणं आणि कीटकनाशकांचा ठोक व्यापार करणारी एक जुनी पेढी आहे. त्यांचा लिनक्स सर्व्हर सहा आठवड्यांत चार वेळा बिघडला आणि चारही वेळा दुरुस्त झाला. पाचव्या वेळी त्यांनी मला बोलावलं. हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण असं की सगळ्यात जास्त नुकसान त्या चार दुरुस्त्यांनीच केलं होतं. आणि त्या करणाऱ्या तंत्रज्ञाने चुकीचं असं काही केलं नव्हतं. फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवायची व्यवस्था, करप्ट झाली की एफएससीके हा ती तपासून दुरुस्त करणारा प्रोग्राम चालवायचं, हे आपण सगळेच करतो. त्याच्या जागी मी असतो तर पहिल्या दोन वेळा मीही तेच केलं असतं.

आधी यंत्र कसं होतं ते सांगतो. असेंबल केलेला टॉवर, साधा डेस्कटॉपचा बोर्ड, ८ जीबीच्या दोन रॅम (मेमरी) स्टिक, ईसीसी (बिटची चूक पकडून सुधारायची सोय) नाही. २ टीबीच्या दोन हार्डडिस्क लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेड १ मध्ये, म्हणजे दोन्हींवर तोच मजकूर, त्यावर एक्स्ट४ ही फाइल सिस्टिम. लिनक्स म्हणजे डेबियन १२. सांबा या फाइली वाटून देणाऱ्या प्रोग्रामवरून सगळं दुकान फाइली उघडायचं, आणि बिलिंगचा एक जुना प्रोग्राम ग्राहकांची यादी व डिस्पॅचचं रजिस्टर मराठीत, साध्या टेक्स्ट फाइलींत ठेवायचा. सर्व्हरची जागा म्हणजे दुकानावरचा माळा, वर टिनाचं छत. कूलर खाली गल्ल्यापाशी. एप्रिल सरत आला होता, पारा त्रेचाळीसच्या खाली यायला तयार नव्हता.

चार वेळा काय काय झालं होतं ते मुनीमकाकांनी वहीत लिहून ठेवलं होतं, तारखेसकट. त्या वहीचे उपकार मी विसरणार नाही. पहिल्यांदा एक फोल्डर उघडेना, 'स्ट्रक्चर नीड्स क्लीनिंग' असा संदेश आला. आदल्या दिवशी वीज गेली होती, म्हणून दोष विजेवर गेला. एफएससीके झालं, यूपीएसची बॅटरी बदलली. नऊ दिवसांनी पुन्हा तेच, तेव्हा एक डिस्क बदलली. तिसऱ्यांदा दुसरी डिस्क आणि दोन्ही साटा केबल. चौथ्यांदा सगळं पुसून नवी फाइल सिस्टिम केली आणि बॅकअपवरून माल परत चढवला. मध्ये एका रविवारी रात्रभर मेमटेस्टही (मेमरीची तपासणी) चालवली होती, पास झाली होती. इतकं सगळं झाल्यावर दहा दिवसांनी पाचव्यांदा तोच संदेश.

मी गेलो तेव्हा पेढीचे मालक म्हणाले, "भाऊ, दोन्ही डिस्क नव्या, वायर नवी, बॅटरी नवी. आता बदलायचं काय राह्यलं?" त्यांचा प्रश्न बरोबर होता, आणि उत्तरही त्यातच होतं. जे बदललं नव्हतं तेच पाहायचं. पण ते मला त्या क्षणी सुचलं असं म्हणणं खोटं होईल.

मी केलं ते एवढंच की काही दुरुस्त केलं नाही. सांबा आणि बिलिंग बंद केलं, डेटाचं विभाजन फक्त वाचण्यापुरतं माउंट केलं आणि पुरावे गोळा करायला बसलो. एक्स्ट४ आपल्या सुपरब्लॉकमध्ये, म्हणजे स्वतःबद्दलची माहिती ठेवायच्या ब्लॉकमध्ये, चुकांची नोंद ठेवते. पहिली चूक केव्हा झाली, शेवटची केव्हा, कोणत्या फंक्शनमध्ये, एकूण किती, हे सगळं ट्यून२एफएस -एल ही आज्ञा दिली की दिसतं. लॉग फिरून जुने पुसले गेले तरी ही नोंद राहते. पण एफएससीके नीट पूर्ण झालं की ती मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, संदेशच मुळी 'मागच्या एफएससीकेपासूनच्या चुका' अशा शब्दांत येतो. म्हणजे आधीच्या चार दुरुस्त्यांनी चार वेळा हा पंचनामा पुसून टाकला होता.

त्याच आउटपुटमध्ये आणखी एक ओळ होती. चूक आढळली तर काय करायचं, यापुढे 'कंटिन्यू' लिहिलेलं. डेबियनचा इन्स्टॉलर रूट विभाजनाला 'चूक दिसली की फक्त वाचायला ठेव' अशी सूचना देतो. पण नंतर हाताने बनवलेल्या विभाजनाला ती आपोआप मिळत नाही, तिथे डीफॉल्ट 'चालू ठेव' असाच असतो. इथे पहिली चूक नोंदली गेली ती मंगळवारी दुपारी दोन वाजून बारा मिनिटांनी, आणि कुणाच्या लक्षात आली शुक्रवारी. तीन दिवस बिघडलेल्या नकाशावर नवीन बांधकाम चालू होतं.

आता एफएससीके काय करतं याबद्दल थोडं, कारण सगळं प्रकरण या एका गैरसमजावर उभं आहे. फाइल सिस्टिम म्हणजे हिशेबाच्या अनेक वह्या. कोणता ब्लॉक भरलेला, कोणता रिकामा, ही एक वही. कोणत्या फाइलचे ब्लॉक कुठे, ही दुसरी. नावं कोणत्या फोल्डरात, ही तिसरी. एफएससीके या वह्या एकमेकींशी जुळवतं. जुळलं नाही तर जुळेल असं करतं. एकाच ब्लॉकवर दोन फाइलींनी हक्क सांगितला तर तो ब्लॉक नकलून दोघांना देतं. ज्या फाइलचं नाव हरवलं तिला लॉस्ट अँड फाउंडमध्ये नेऊन ठेवतं. आतला मजकूर खरा की खोटा हे ते पाहत नाही, पाहूही शकत नाही. त्यामुळे 'क्लीन' याचा अर्थ वह्या आपसांत जुळल्या, एवढाच. त्यात '-वाय' देऊन प्रत्येक प्रश्नाला आधीच हो म्हटलं असेल, तर कोणता निर्णय कुठे झाला हेही मागे राहत नाही. आणि हे जुळवण्याचं काम एफएससीके त्याच यंत्राच्या त्याच मेमरीत करतं. मेमरी खोटं बोलत असेल तर दुरुस्ती करणाऱ्याच्या हातातच चुकीचा कागद असतो, आणि तो त्या कागदाप्रमाणे डिस्कवर लिहितो.

मग एकेक संशयित बाजूला करत गेलो.

वीज. वीज गेल्याने फाइल सिस्टिम बिघडते हा आपल्याकडचा पक्का समज आहे आणि एक्स्ट२च्या काळात तो खराच होता. एक्स्ट४ला जर्नल आहे, म्हणजे करायचे बदल आधी टिपून ठेवायची वही. वीज गेली तर पुढच्या माउंटला जर्नल पुन्हा लावलं जातं, अर्धवट लिहिलेल्या फाइलीचा शेवट जाऊ शकतो, पण ब्लॉकचे बिटमॅप (वरची पहिली वही) आणि इनोड (दुसरी वही) असे वेडेवाकडे होत नाहीत. डिस्कने 'लिहिलं' असं खोटं सांगितलं तरच ते होतं. इथे तर पाचपैकी चार वेळा त्या आठवड्यात वीज गेलेलीच नव्हती. मुनीमकाकांच्या वहीत तेही होतं.

डिस्क. स्मार्टमधले, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या नोंदी ठेवते त्यांतले, तीन आकडे पाहिले, ५, १९७ आणि १९८, म्हणजे बदललेले सेक्टर, संशयातले सेक्टर आणि न वाचता येणारे सेक्टर. दोन्ही डिस्कवर शून्य. केबलची चुगली करणारा १९९ हाही शून्य. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांत, वाचण्या-लिहिण्याची एकही चूक नाही.

कर्नल. डेबियन १२ म्हटल्यावर डिसेंबर २०२३ आठवणारच. ६.१.६४ कर्नलमध्ये एक्स्ट४वरचा डेटा खराब करणारा दोष निघाला, १२.३ ची प्रकाशनं थांबवावी लागली आणि १० डिसेंबरला थेट १२.४ आली. इथला कर्नल त्याच्या बराच पुढचा होता. शिवाय तसा दोष असता तर तो सकाळीही दिसला असता. या वाक्याचा अर्थ मला नंतर कळला.

रेड. इथे पहिला खरा धागा मिळाला. एमडीला, म्हणजे लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडला, 'चेक' करायला लावलं की ते दोन्ही डिस्क ब्लॉकामागून ब्लॉक ताडून पाहतं आणि फरक मिसमॅच काउंटमध्ये मांडतं. पाच तास चाललं. उत्तर आलं शून्य. ऐकायला बरं वाटतं, पण विचार करा. फाइल सिस्टिम तर बिघडलेली आहे, आणि दोन्ही डिस्क शब्दन् शब्द सारख्या आहेत. दोन वेगळ्या डिस्क एकाच जागी एकसारख्या बिघडत नाहीत. म्हणजे त्यांच्याकडे जे आलं तेच आधीच बिघडलेलं होतं. बिघाड रेडच्या वर कुठेतरी होता, आणि डिस्क बिचाऱ्या सांगितलं तेवढंच लिहीत होत्या.

रेडच्या वर उरतात प्रोसेसर आणि मेमरी. मेमरी तर रात्रभर तपासून पास. मी त्या निकालापाशी एक अख्खा दिवस अडून बसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुनीमकाका एक छापील यादी घेऊन माळ्यावर आले. घामाघूम झाले होते. म्हणाले, "साहेब, हे वाटोल कुठचं गाव आहे? तीस वर्षं झाली मी बिलं फाडून राह्यलो, असं गाव आपल्या लायनीत नाही." यादीत ग्राहकाच्या पत्त्यात 'काटोल'च्या जागी 'वाटोल' होतं. मी म्हटलं कुणी टाइप करताना चुकलं असेल. तर म्हणाले, "काटोलवाल्याची एंट्री दोन वर्षांपासून कोणी हात नाही लावला. अन् परवा रजिस्टरात गोंदियाचं षोंदिया झालं होतं. पोट्टे हसून राह्यले होते."

क चा व. ग चा ष. मराठी कीबोर्डवर ही अक्षरं शेजारी नाहीत, कुणाच्या उच्चारातही ती मिसळत नाहीत. पण संगणकाच्या आत ती शेजारी आहेत, आणि ते कसं ते जवळून दाखवायला हवं.

युनिकोडमध्ये मराठी अक्षर यूटीएफ-८ पद्धतीने तीन बाइटांत बसतं. क आणि व यांचे पहिले दोन बाइट अगदी सारखे. फरक तिसऱ्यात. क चा तिसरा बाइट दोनअंकी भाषेत १००१०१०१. व चा १०११०१०१. उजवीकडून सहावा बिट तेवढा शून्याचा एक झालेला, किंमत ३२. आता ग पाहा, १००१०१११. आणि ष, १०११०१११. पुन्हा उजवीकडून सहावाच बिट, पुन्हा शून्याचा एकच.

बॅकअप रोजचा वेगवेगळा ठेवलेला होता. त्या यादीची आदल्या दिवशीची प्रत काढली आणि सीएमपी -एल ने दोन्ही ताडल्या. अख्ख्या फाइलीत एकच फरक निघाला: २३६२१४ व्या बाइटवर २२५ च्या जागी २६५. हे आकडे अष्टमान पद्धतीत असतात, म्हणजे क चा शेवट जाऊन व चा शेवट आला. रजिस्टरसाठीही तसंच केलं: १२७२५०२ व्या बाइटवर २२७ च्या जागी २६७.

बिट एकच, हे तर कळलं. पण जागा? लिनक्स फाइल मेमरीत आणतं ती ४०९६ बाइटांच्या पानांत. सीएमपी एकपासून मोजतं, म्हणून एक वजा करून दोन्ही आकडे ४०९६ ने भागले. २३६२१३ ला भागलं, बाकी २७४१. १२७२५०१ ला भागलं, बाकी २७४१.

त्या माळ्यावर, तसल्या उकाड्यात, मी तो भागाकार तीनदा केला. दोन वेगळ्या फाइली, दोन वेगळे दिवस, डिस्कवरच्या दोन वेगळ्या जागा, आणि पानातली जागा एकच. डिस्कला हे जमणारं नाही. मेमरीतल्या एका ठरावीक पानावर, २७४१ व्या बाइटमध्ये, एक बिट अधूनमधून शून्याचा एक होत होता. जी फाइल लिहिली जाताना त्या पानावर बसेल तिचा घास जायचा. कधी त्या पानावर ग्राहकांची यादी असायची, कधी कर्नलने तिथे इनोड ठेवलेला असायचा. यादी असली की काटोलचं वाटोल. इनोड असला की 'स्ट्रक्चर नीड्स क्लीनिंग'.

इनोड आणि बिटमॅपचं एक बरं असतं. अलीकडच्या एक्स्ट४मध्ये मेटाडेटाला, म्हणजे या हिशेबाच्या वह्यांना, चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) असतो. चेकसम काढून झाल्यावर बिट उलटला तर पुढच्या वाचनाला तो पकडला जातो, आणि इथल्या सगळ्या आरडाओरड्या तशाच झाल्या होत्या. पण चेकसम काढण्याआधीच उलटला तर चुकीच्या मजकुराचा बरोबर चेकसम निघतो. आणि फाइलीच्या आतल्या मजकुराला एक्स्ट४ चेकसम देतच नाही. काटोल गेलं त्याची कुठेच बोंब झाली नाही, ती मुनीमकाकांनी ठोकली.

मग मेमटेस्ट पास कशी झाली? त्याचं उत्तर वेळांत होतं. सुपरब्लॉकमधल्या आणि जर्नलसीटीएलमधल्या (सिस्टिमच्या लॉगमधल्या) सगळ्या चुका दुपारी एक ते पाचच्या दरम्यानच्या. डीरॅममधला, म्हणजे या मेमरी स्टिकमधला, प्रत्येक बिट म्हणजे एक बारीकसा विजेचा साठा, तो गळत असतो आणि साधारण ६४ मिलिसेकंदांत एकदा तरी पुन्हा भरावा लागतो. तापमान वाढलं की गळती वाढते. म्हणूनच ८५ अंशांच्या वर मेमरी दुप्पट वेगाने भरायची असा नियम आहे. एखादा कमजोर साठा रात्री तेवढा वेळ तग धरतो, टिनाखालच्या दुपारी धरत नाही. ती पास झालेली तपासणी रविवारच्या रात्री झाली होती, खिडक्या उघड्या, केबल बदलण्यासाठी कॅबिनेटचं झाकण काढलेलं, आणि काम करणाऱ्यासाठी कूलर वर आणून ठेवलेला. जिथे आजार नाही तिथे नाडी पाहिली गेली.

मी झाकण लावलं, कूलर खालीच ठेवला आणि दुपारी दोनला मेमटेस्ट सुरू केली. सत्तेचाळीस मिनिटांनी लाल ओळ आली. पत्त्याचे शेवटचे तीन अंक सोळाच्या पद्धतीतून दशमानात आणले तर २७३६. मेमटेस्ट आठ बाइटांचा गट मोजते आणि गटाचा पहिला बाइट सांगते. २७३६ पासूनचा सहावा बाइट म्हणजे २७४१. बिटही तोच. एकेक स्टिक काढून पाहिली, दोष आतल्या बाजूच्या स्टिकमध्ये, प्रोसेसरच्या पंख्याला चिकटून असलेल्या.

स्टिक काढायला दोन मिनिटं लागली. माल सोडवायला चार दिवस.

त्या चार दिवसांबद्दल थोडक्यात. एक डिस्क काढून सीलबंद ठेवली, तिला कुणी हात लावायचा नाही. दुसरीची डीडीरेस्क्यूने प्रत काढली आणि ती प्रत माझ्या घरच्या, ईसीसी मेमरी असलेल्या यंत्रावर नेली. तिथे आधी एफएससीके '-एफएन', म्हणजे नुसतं पाहा, काही लिहू नको. आउटपुट जपून ठेवला. मग '-झेड' पर्याय देऊन खरी दुरुस्ती, ज्यात बदललेला प्रत्येक ब्लॉक वेगळ्या फाइलीत साठतो आणि ई२अनडूने मागे जाता येतं. दोन वेळा मागे गेलोही.

बॅकअपच्या बाबतीत एक गोष्ट आमच्या बाजूने पडली. बॅकअप घेणारं आरसिंक डीफॉल्टने फाइलीचा आकार आणि वेळ पाहून ठरवतं की नकलायची की नाही, आतला मजकूर पाहत नाही. एरवी ही त्रुटी म्हणून सांगतात. पण ज्या जुन्या फाइलींचे ब्लॉक दुसऱ्याच फाइलीने ओव्हरराइट केले होते त्यांचा आकार आणि वेळ जशीच्या तशी होती, म्हणून आरसिंकने त्यांना हात लावला नव्हता आणि बॅकअपमध्ये चांगली प्रत शाबूत होती. '-एएनसी' देऊन, म्हणजे मजकूर ताड पण काही करू नको, अशा फाइलींची यादी काढली. यातला 'एन' विसरला असता तर एका एंटरसरशी चांगल्या प्रतींवर खराब प्रती बसल्या असत्या. हा एन टाइप करून मी खुर्चीवरून उठलो, पाणी प्यालो, परत येऊन वाचला, मग एंटर दिलं.

नव्याने लिहिल्या गेलेल्या फाइली मात्र बॅकअपमध्येही बिघडूनच गेल्या होत्या. मालकांचा जीव रकमांसाठी खालीवर होत होता. त्यांना मी कागदावर करून दाखवलं की आपला बिघाड फक्त शून्याचा एक करतो आणि तोही फक्त त्या सहाव्या बिटचा. शून्य ते नऊ या इंग्रजी आकड्यांत तो बिट आधीच एक असतो. देवनागरी आकड्यांतही. म्हणून टेक्स्ट फाइलींतली एकही रक्कम या बिटमुळे बदललेली नव्हती. उलट दिशेचा बिट असता तर रकमांचा भरवसा कुणी दिला असता?

अक्षरांचा मात्र भरवसा नव्हता. मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. प्रत्येक मराठी फाइलीत पानातल्या २७४१ व्या जागेवर अक्षराचा तिसरा बाइट पडत असेल आणि त्यात तो बिट एक असेल तर ती ओळ छापायची. खापाचं शापा, गोरेवाड्याचं षोरेवाडा, असली नावं डोळ्यांनाच कळतात. पण क चा व झाल्यावर जे उरतं ते कधीकधी चांगलं धडधाकट नाव असतं. आणि ज्या फाइली नंतर पुन्हा लिहिल्या गेल्या त्यांत ओळी पुढेमागे सरकल्यामुळे २७४१ ची खूणही उरली नव्हती.

पेढीने आता ईसीसी मेमरीचा छोटा सर्व्हर घेतला, तो खाली गल्ल्यामागच्या खोलीत आहे. डेटाच्या विभाजनाला ट्यून२एफएसने 'चूक दिसली की फक्त वाचायला ठेव' असं सांगितलं आहे, आणि रेडचं चेक महिन्यातून एकदा दुपारी तीन वाजता चालतं, मुद्दाम. ती स्टिक मी चिठ्ठी लावून माझ्याकडे ठेवली, कुणी चुकून दुसऱ्या यंत्रात घालू नये म्हणून.

शंकास्पद नावांची यादी मुनीमकाकांनी लाल पेनाने तपासली. अठरा नावं निघाली, सतरा त्यांनी आठवणीवर सोडवली. शेवटचं नरखेडच्या एका ग्राहकाचं, वाकडे. नाव व्यवस्थित आहे, गावात त्या आडनावाची माणसंही आहेत. पण काकांना खात्री वाटेना. शेवटी त्यांनी फोन लावला आणि नाव न घेता नुसतं विचारलं, "नमस्कार, इतवारीतून बोलून राह्यलो. कोण बोलता जी?"

"काकडे," पलीकडून आलं. काकांनी व वर रेघ मारली.